शेजारच्या सीटचा ब्रेक

रविवार, ३ मार्च. सकाळी ११.४०
आज अपघात झाला. मी पूर्ण शांत आहे. अक्षर हलतंय ते पेनामुळे.

घटनाक्रम लगेच लिहून ठेवावा, असं आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लिहिलंय. ‘अपघातानंतरच्या आठ पायऱ्या’. तक्ता माझाच. बावीस वर्षं शिकवतोय.

गाडी आमची, चालवत होती बायको. मी शेजारच्या सीटवर. वेग बैलगाडीचा. बेकरीसमोर रस्त्यात कुत्रं आलं. मी सूचना दिली. हिने ऐकली नाही. गाडी बेकरीच्या उभ्या व्हॅनवर गेली. आमचा एक दिवा फुटला, व्हॅनचं दार आत गेलं. कुणाला खरचटलंही नाही. कुत्रं बहुधा पळालं.

निष्कर्ष: चालकाची चूक.

दुपारी ४
पायऱ्या तंतोतंत पाळल्या. पायरी एक, गाडी थांबवा. ती व्हॅननेच थांबवली. पायरी दोन, शांत राहा. शांतपणे खाली उतरलो आणि मग ओरडलो. पायरी चार, फोटो काढा. एका गृहस्थांच्या हातात मोबाइल देऊन चौदा काढून घेतले. आत्ता पाहिले. तेरांमध्ये मी कुणाला तरी बोट दाखवतोय. चौदाव्यात व्हॅनचं चाक आहे. चाक स्पष्ट आलंय.

बाकी किरकोळ कामं हिने केली. धोक्याचे दिवे लावले, मला कुठे लागलं का विचारलं, बेकरीवाल्याचा नंबर घेतला, पोलिसांना आणि विमा कंपनीला फोन केले. पायरी सात, जागेवर कुणाला दोष देऊ नका. ही कुणाला एक शब्द बोलली नाही. मन खात असणार.

सोमवार, ४ मार्च
हिला येत्या सोमवारी नव्या लॅबमध्ये रुजू व्हायचंय. पंचवीस किलोमीटर, सातला हजर. त्या वेळी तिकडे बस नाही. एवढ्यासाठी हिने लायसन्स काढलं. समोरच्या बाईंच्या स्कूलमध्ये शिकून, मला न सांगता. पहिल्या फटक्यात पास. मी शिकवायला तयार होतोच, दोन धडे दिलेही होते. दुसऱ्या धड्यात ही भर चौकात उतरून चालत घरी आली. चिकाटी नाही.

निर्णय घेतला: हिने यापुढे गाडी चालवायची नाही. मी रोज सोडीन. हिला सांगितलं. म्हणाली, आणि तुमचा साडेसहाचा वर्ग? म्हटलं, बघू. म्हणाली, बघू म्हणजे मी तिकडे नाही म्हणून कळवू का? दहा वर्षं या जागेची वाट पाहिली, तेही लिहू?
मला वर्गाला उशीर होत होता. वर्ग आज नव्हता, ते जिन्यात आठवलं.

मंगळवार, ५ मार्च
विम्याचा फॉर्म भरला. ‘घटनेचे थोडक्यात वर्णन’: चालक नवशिकी, घाबरली. फॉर्म हिच्यापुढे सहीला ठेवला. हिने वाचला आणि पेनाला टोपण लावलं. न बोलता टोपण लावणाऱ्या माणसाला मी घाबरतो.
मग म्हणाली, कुत्रं नव्हतं, पिशवी होती.
हसलो. बावीस वर्षं रस्त्यावर काढली, मला कुत्रं कळत नाही होय.

आणि आठवलं. गाडीत कॅमेरा आहे! हिच्या चुका टिपायला मीच बसवला होता. गुरुवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर येतोय, कॅमेरा थेट त्याच्या हातात द्यायचा. आधी बघायचं नाही, नाहीतर म्हणतील छेडछाड केली.

ता.क. उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतोय. न्हाव्याच्या खुर्चीतही दाबला. न्हावी म्हणाला, सर, दुकान उभंच आहे.

गुरुवार, ७ मार्च
साक्षीदार म्हणून बेकरीवाल्यालाही मीच घरी बोलावलं होतं. आता वाटतं, गरज नव्हती.

पिशवी होती. सिमेंटची, रिकामी. हलत होती, हे नोंदवून ठेवतो.
कॅमेऱ्यात आवाजही येतो, हे मला ठाऊक नव्हतं. आधी मी: कुत्रं, कुत्रं. मग ही: पिशवी आहे. मग ही: अहो, स्टिअरिंग सोडा. असं तीनदा. तिसऱ्यांदा ‘अहो’ नव्हतं. मग धाड. मग मी: तरी मी सांगत होतो.
बेकरीवाल्याने परत एकदा लावायला सांगितलं.

सर्व्हेअरने गाडी पाहिली. विचारलं, शिकवायच्या गाडीत तुमच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना? म्हटलं, असतो. यात आहे? म्हटलं, ही घरची गाडी, यात कसा असेल? म्हणाला, मग तुमच्या पायाखालच्या मॅटला भोक कशाने पडलं?
मॅट निकृष्ट आहे. कंपनीला पत्र लिहायचं.

ही आत गेली, नवा फॉर्म घेऊन आली. पेनाचं टोपण काढून माझ्यापुढे ठेवलं.

शनिवार, ९ मार्च
गाडी दिवा बदलून आली. मी हिला मोठ्या मनाने माफ केलं आणि चालवायची परवानगी दिली. ही तेव्हा चौकाला वळसा घालून परत येत होती. काचा बंद होत्या, ऐकू गेलं नसावं.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ७.१५
हिचा पहिला दिवस. मार्गदर्शनासाठी सोबत निघालो. साडेसहाचा वर्ग रद्द केला. शेजारच्या सीटवर हिची बॅग होती, पट्टा लावलेली. म्हटलं, ही उचलू का? म्हणाली, तिला राहू दे, ती गप्प बसते.

मागे बसलो. पंचवीस किलोमीटर. सहा पन्नासला पोचली. एकदाही ब्रेक उशिरा लागला नाही. मी मागून दाबत होतोच म्हणा.

उतरताना म्हणाली, तुम्ही परत कसे जाणार? हे माझ्या योजनेत नव्हतं. म्हटलं, बघू. ही हसली. अपघातानंतर पहिल्यांदा. मग आत गेली, किल्ली घेऊन.

बस साडेदहाला आहे. थांब्यावर बसून लिहितोय. शांत आहे. समोरून रस्त्यात काहीतरी करडं, हलणारं येतंय. पिशवी आहे. आता मी फसणार नाही.
भुंकतेय, पण पिशवीच आहे.