दोन डोक्यांचा ग्रिफिन

अण्णा, परवा शिवाजीनगरच्या गॅरेजमधून फोन आला. ट्रक दुरुस्त करणारे ते बेळगावकडचे काका आता पार थकलेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. म्हणाले, "अगं, गेटाला नवा रंग द्यायचा म्हणून घासाय घेतलो, तर खालनं तुझ्या अण्णांचं दोन डोक्याचं जनावर वर आलं की! पुसू काय ठेवू, तूच सांग." सांगते, म्हटलं आणि फोन ठेवला. ते जनावर तुम्हाला पुसायला लावणारी मीच होते, आणि तुम्ही असेपर्यंत त्याबद्दल एक शब्दही मला बोलता आला नाही.

तेव्हाची गोष्ट: मी दहावीत आहे. काकांना गेटावर ज्यांचे ट्रक ते दुरुस्त करतात त्या सगळ्या कंपन्यांची चिन्हं हवी आहेत. त्यात एक स्वीडनची. नमुना म्हणून त्यांनी तुमच्या हातात एका टिपरवरून निघालेला बिल्ला ठेवलाय, झिजून गुळगुळीत झालेला. मुकुट घातलेलं, चोचीचं एक डोकं कसंबसं दिसतंय, बाकी सपाट. तुम्ही आयुष्यभर कानडी मुलखातल्या सरकारी बसवर दोन डोक्यांचा गंडभेरुंड रंगवलेला माणूस. चोचीचा पक्षी, त्यातून राजचिन्हावरचा, म्हणजे त्याला दोन डोकी असणारच. तुम्हाला वाटलं, दुसरं डोकं झिजून गेलं, बिचारं. तुम्ही ते त्याला परत काढून दिलंत. दोन्हीकडे पाहणारी दोन लालभडक डोकी, दोन मुकुट, मागे निळं आकाश. दोन दिवस मान वर करून खपत होतात. काका येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवत होते.

मी शाळेतून येताना तिथे थांबले. बरोबर वर्गातली मैत्रीण होती. काकांच्या टेबलावर त्या कंपनीचं माहितीपत्रक पडलं होतं, ते मी उचललं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, हे काय केलंत? त्याला एकच डोकं असतं. ग्रिफिन म्हणतात त्याला. माहीत नाही तर विचारायचं तरी!" काकांचा चेहरा पडला. "काय हो पेंटर, पोरगी म्हणतीया ते खरं काय?" तुम्ही माहितीपत्रक डोळ्यांजवळ नेलंत, बराच वेळ पाहिलंत. मग एवढंच म्हणालात, "सरी, बरोबर आहे. चुकलंच की माझं." आणि राखाडी रंगाचा डबा उघडून ते झाकून टाकलंत. घरी येताना मला उसाचा रस पाजलात, रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर तुम्ही एकही पक्षी, एकही जनावर रंगवलं नाही. नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या, बस्स. आईनं विचारलं तर म्हणालात, "अक्षरं बरी. त्यांना डोकी नसतात." आई हसली. मी ताटात बघत बसले.

आता मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, एका ऑफिसात बोधचिन्हं बनवते. तुम्ही गेल्यावर मिळालेली नोकरी, त्यामुळे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. गेल्या महिन्यात नव्या मुलामुलींना चिन्हं कशी बदलतात ते शिकवायचं होतं, आणि कोण जाणे का, मी तीच कंपनी निवडली. अण्णा, तुम्ही असतात तर खुर्ची ओढून पुढे बसला असतात. ते लोक आधी सायकली बनवायचे! त्या जनावराभोवती जे तीन आऱ्यांचं चाक असतं ते सायकलच्या पेडलजवळचं दातेरी चाक आहे. जनावर त्यांच्या प्रांताच्या राजचिन्हावरचं, धड सिंहाचं, डोकं गरुडाचं. पुढे रेल्वेचे डबे बनवणारा एक कारखाना त्यांना येऊन मिळाला, मग कितीतरी वर्षांनी विमानं बनवणारा. दर खेपेला चिन्ह बदललं, ते चाक मधली काही वर्षं गायब झालं, कंपन्या वेगळ्या झाल्यावर परत आलं. शिकवता शिकवता मी अडखळले. ज्या एका चित्राला मी "बरोबर" म्हणून तुम्हाला गप्प केलं, तेच किती वेळा नव्याने काढलं गेलं होतं.

रविवारी सकाळी तुमचा ब्रशांचा डबा घेऊन जयनगरच्या घरून गॅरेजवर गेले. ब्रश कडक झाले होते, टर्पेंटाइनमध्ये बुडवून मोकळे केले. गेटाचा घासलेला भाग पाहिला आणि मला हसूच आलं. काय देखणं केलं होतंत! डाव्या डोक्याचा डोळा अजून माझ्याकडे रोखून बघत होता. उजवं मात्र अर्धं गेलं होतं. काका स्टूल घेऊन शेजारी बसले. म्हणाले, "खरं एकच डोकं असतंय ना गं?" मी म्हटलं, "त्यांचं एक, काका. अण्णांची दोन." त्यांनी मान हलवली. "मग दोनच कर." दुपारपर्यंत उजवं डोकं पुरं केलं. चोच जरा जाड झाली, तुमच्यासारखी एका फटकाऱ्यात येत नाही. पुढच्या रविवारी ऑफिसातल्या दोन मुली हाताने रंगवायला शिकायला येणार आहेत. तुमचे ब्रश त्यांच्या हातात देईन.

हे पत्र त्याच डब्यात ठेवणार आहे. एक गोष्ट राहिली. मला शिकल्याचा ताठा आहे म्हणून मी तशी बोलले, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं, अण्णा. त्या दिवशी मैत्रीण तुमच्या रंगाने माखलेल्या लुंगीकडे बघत होती, आणि हे माझे वडील, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी रागावून "अण्णा" म्हटलं तेव्हाच तिला कळलं.