टाइमआउटमध्ये तो काय म्हणाला

माउंट वेलिंग्टन, ऑकलंड
सोमवार, १९ मार्च २०१८

प्रिय वरुण,

नमस्कार. अक्षर ओळखलं असशीलच. माझे फोन तू घेत नाहीस आणि मेल परत येतात, म्हणून पुण्याला तुझ्या घरी सुलेखाकाकूंना फोन करून तुझा ख्राइस्टचर्चमधला, रिकार्टनचा पत्ता मागून घेतला. काकू बऱ्या आहेत, गुडघा दुखतोय. "तुम्ही दोघं भांडलात का रे?" असं विचारत होत्या. मी म्हटलं, नाही हो, दोघंही बिझी आहोत.

इथे सगळं ठीक. ऑफिस तेच आहे. शेजारच्या झाडाची फीजोआची फळं पडायला लागलीत, कोणी उचलत नाही. ख्राइस्टचर्चला आता गार व्हायला लागलं असेल.

सोमवारी ऑफिसच्या आधी माझ्या फ्लॅटवर अमेरिकन फुटबॉलच्या मॅच बघायचो, ते आठवतं? एका वर्षी तिथल्या एका टीमने कधीच प्ले कॉल न केलेल्या कोचकडे ऑफेन्स, म्हणजे सगळी चढाई सोपवली आणि आपण चहा गार होईपर्यंत भांडलो. तू म्हणालास, पुढचा प्ले, पुढची चाल कोणती हे ठरवणं शिकायला वर्षं जातात. मी म्हणालो, अभ्यास असला की झालं. मग हट्टाने मी त्या लीगच्या दहा सीझनचे आकडे एका शीटमध्ये भरले. मी मोजलं तेवढ्यात तरी अनुभवी कॉलर आणि नवा कॉलर यांच्या पॉइंट्समध्ये फारसा फरक दिसेना.

तीच शीट घेऊन मी आपल्या इथल्या फुटबॉल क्लबच्या कमिटीपुढे गेलो. तू सहा वर्षं साइडलाइनवर उभा राहून प्ले कॉल केलेस आणि मी वीस मिनिटांत ते काम तुझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. शीटचं तुला माहीत आहे. त्यानंतर काय बोललो, ते माहीत नाही. मी २०१५च्या सेमीफायनलचा विषय काढला. आपल्या क्वार्टरबॅकला, चेंडू फेकणाऱ्या तेविताला, डोक्याला मार बसल्यावर तू त्याला प्लेचं नाव परत म्हणायला लावलंस, तो अडखळला, तू त्याला बसवलंस आणि आपण हरलो. मी म्हणालो, "वरुणला शंका आली की तो घाबरतो."

नोव्हेंबरमधल्या मॅचबद्दल क्लबने तुला जे पत्र पाठवलं, त्यात लिहिलंय की तो पास तुझ्या जुन्या प्लेबुकातला होता आणि त्यात क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूचं संरक्षण कमी होतं. तू त्याला उत्तर दिलं नाहीस असं कळलं. वरुण, तुझ्या प्लेमध्ये काही चूक नव्हती.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

त्या मॅचमध्ये आपण सहा पॉइंट्सनी मागे होतो. तेविता जोरात पडला, डोकं जमिनीवर आपटलं. उठला, पण हळू. मी टाइमआउट घेतला. तो माझ्यासमोर आला. थर्ड डाउन, तिसरा प्रयत्न, अजून नऊ यार्ड हवे होते. शीट सांगत होती, लांब पास. मी प्ले सांगितला. तो माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत म्हणाला, "ओके, वरुण."

तू क्लब सोडून वर्ष झालं होतं.

मला कळलं. नीट ऐकू आलं नाही असं मी कमिटीला सांगितलं, स्वतःलाही महिनोन् महिने तेच सांगत होतो. पण मला ऐकू आलं होतं आणि त्याचा अर्थही कळला होता. आणि त्या क्षणी मला काळजी वाटली नाही, राग आला. अजूनही याला वरुणच आठवतो! मी म्हणालो, "शार्दूल. मी शार्दूल आहे." तो हसला, "यप, सॉरी." आणि मी त्याला आत पाठवलं.

त्याने चेंडू फेकलाच नाही. हातात धरून उभा राहिला. डावीकडून धावत येऊन आदळणारा समोरच्या टीमचा माणूस त्याने पाहिलाच नाही.

अमेरिकेत डोक्याला मार बसला की बघायला वेगळे डॉक्टर असतात, वरून नजर ठेवायला माणसं असतात. तिथे नवा कॉलर चुकला तर त्याला थांबवायला कोणीतरी असतं. आपल्याकडे बर्फाची पिशवी होती आणि तू होतास. मी तुलाच काढलं.

मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं. जानेवारीत तो पुकेकोहेला घरी आला. उजवा हात चालत नाही. ताजं काही लक्षात राहत नाही. मेले, त्याची बायको, पॅकहाउसमधलं भाज्या पॅक करायचं काम सोडून घरी असते.

गेल्या महिन्यात तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ती त्याच्यासाठी चिकनचे बारीक तुकडे करत होती. तिने सुरी खाली ठेवली.

मग म्हणाली, "तो रोज माझी माफी मागतो. त्याला वाटतं, त्यानेच गडबड केली. मला नको सांगूस. आत जा आणि त्याला सांग."

मी आत गेलो. त्याच्या खुर्चीसमोर बसून सांगितलं, तुझी चूक नव्हती, तुला लागलंय हे मला कळलं होतं, तरी मी पाठवलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं. मान हलवली. मला वाटलं, समजलं. पाच मिनिटांनी तो माझा हात धरून म्हणाला, "सॉरी भावा, मी चेंडू फेकायला हवा होता."

काल कमिटीला लेखी जबाब दिला, आधीचा मागे घेतला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तुझं नाव क्लबच्या चौकशीच्या रिपोर्टमधून निघेल. मला क्लबमधून काढतील, कदाचित आणखीही काही होईल. होऊ दे.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. ती मागायची पद्धतच आता मला नकोशी झाली आहे. कमिटीचा फोन आला तर तेवढा घे.

मी दर रविवारी पुकेकोहेला जातो. दर रविवारी त्याला पहिल्यापासून सांगतो.

शार्दूल