राहून गेलेला मधला भाग

प्रिय फेर्मिन,

ईस्टरला तू चार दिवस तोलेदोला बहिणीकडे जातो म्हणून गेलास, आता द्राक्षं उतरायला आली. तू मला न विचारता दुकान विकलंस, मी चारचौघांत तुझी शोभा केली, आणि आधी कोण बोलणार यावर दोघंही अडून बसलोय. खालची पाववाली रोसेंदा रोज विचारते, "काय गं बेनिता, नवरा हरवला की काय?" मी म्हणते, "पाय आहेत त्याला, येईल." पण हे पत्र त्याबद्दल नाही. काल सिनेमा पाहिला, तो सांगायचाय.

आपलाच, छत्रीवाला. लग्नाआधी उर्सुला मावशीला मध्ये बसवून पाहिलेला. तेव्हा तिकीट काढून केव्हाही आत शिरायचं, शेवट आधी बघायचा, मग पुन्हा सुरुवात लागली की आपण आलो होतो तिथपर्यंत बसायचं. नायिकेने छत्री उघडली तशी मावशी उठली, "चला, इथूनच आलो होतो." छत्री ती दोनदा उघडते, आणि आपण शिरलो होतो ते दुसऱ्या वेळेला, हे बाहेर आल्यावर तुझ्या ध्यानात आलं, पण मावशी काही परत जाऊ देईना. मधला भाग राहिलाच.

नायक खोटं नाव सांगून तिच्या बापाच्या खानावळीत राहतो, म्हणून ती त्याचं तोंड बघत नाही. आणि शेवटी पाहावं तर दोघं खिदळतायत. मध्ये काय झालं यावर आपण जन्मभर वाद घातला. तू म्हणायचास, "तिनेच पडतं घेतलं असणार." मी म्हणायचे, "हट्, त्याने पाय धरले असणार."

काल माझी भाची माइते मला फिल्म क्लबात घेऊन गेली. काय काम केलंय रे त्या बाईने. नुसत्या भुवईने हसवते. शेजारची पोरं सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या विसरली. मूळ कादंबरीत म्हणे त्याची माफी पानंच्या पानं चालते. सिनेमावाल्यांनी ती सगळी गाळली, शहाणी माणसं.

आपण दोघंही चुकलो होतो, फेर्मिन. मधल्या भागात होतं असं, की संध्याकाळी सगळी गल्ली दारात खुर्च्या टाकून हवा खात बसलेली असते. तो लांब भिंतीशी उभा. ती आत जाते, आणखी एक खुर्ची आणून आपल्या शेजारी ठेवते आणि पुन्हा शेंगा सोलायला लागते. तो येऊन बसतो. माफी नाही की काही नाही. ती फक्त अर्ध्या शेंगा त्याच्या मांडीवर ओतते. मला रडूच आलं. माइते म्हणाली, "आत्या, अगं विनोदी सिनेमा आहे हा."

आज संध्याकाळी मी दारात खुर्ची टाकली. शेजारी तुझी टाकली, ती एका पायाने डुगडुगणारी. रोसेंदा तिच्यावर बसायला आली, तिला उठवलं. उद्याही टाकणार आहे, आणि शेंगा एकटीने सोलवत नाहीत.

अजूनही तुझीच,
बेनिता