सतरंजीवरची जागा

१२ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. तुझ्या बायकोने पाठवलेली शाल तिला आवडली, पण ‘हा रंग कुणी निवडला?’ हे अजून चालूच आहे.

नोटीस मिळाली. शिक्षणाधिकारी झालेल्या सख्ख्या भावाच्या सहीची नोटीस शिपायाच्या हातून घेताना गंमत वाटली. वर तुझा फोन: ‘ताई, दोन ओळींची माफी लिहून दे, गुरुवारच्या सुनावणीआधी मी मिटवून टाकतो.’ नाही लिहिणार. नोकरी गेली तर गेली. घरी बसून आईशी भांडेन, तिलाही सोबत होईल.

माझा गुन्हा काय, तर तुमच्या नव्या धोरणाप्रमाणे प्रत्येक मूल आपल्या वयाच्या वर्गात बसलं पाहिजे, आणि मी इस्त्रीवालीच्या एवढ्या थोरल्या पोरीला पहिलीच्या पोरांबरोबर सतरंजीवर बसवते. अरे, ती शाळेत आलीच या वर्षी! अक्षरओळख नाही, मग सातवीच्या बाकावर बसून काय करणार, भिंत बघणार? तुमच्या अहवालात सगळी मुलं आपापल्या वर्गात दिसतात आणि तुम्ही खूश. शिकली का, हे कुणी विचारायचं?

शाळा सुरू झाली तेव्हा तू पाहणीला आला होतास. तूच तिला उठवून सातवीत नेलंस. मुलं एका सुरात धडा वाचत होती, तीही त्यांच्यात होती. तू तिच्या पाठीवर थाप मारून सोबतच्या साहेबांना म्हणालास, ‘बघा, उगाच मागे ठेवली होती.’ चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून मी गप्प बसले. तुमची गाडी वळली आणि मी तिला परत सतरंजीवर आणलं. गेल्या आठवड्यात तुझी माणसं आली, तेव्हा ती तिथेच सापडली. हो, तुझा आदेश मोडला. पुन्हा मोडेन.

एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं. आता लिहितेच.

ती त्या दिवशी वाचत नव्हती रे. नुसते ओठ हलवत होती, शेजारणीच्या तोंडाकडे बघून. जगात दुसऱ्या कुणाला नाही, पण तुला ते ओळखू यायला हवं होतं. आजारपणात वर्षं गेल्यावर तू शाळेत आलास, तेव्हा गुरुजींनी तुलाही वयाकडे बघून चौथीत बसवलं होतं. तूही असेच ओठ हलवायचास आणि घरी येऊन पलंगाखाली रडायचास. मी नवी मास्तरीण. गुरुजींशी भांडून तुला माझ्या पहिलीत आणलं, छोट्यांच्या मधोमध बसवलं. तुला लाज वाटली. अजून वाटते, म्हणून कुणाला सांगत नाहीस. त्यापायीच असलं धोरण लिहितोस का रे? मला तुझा राग येतो, आणि वाईटही वाटतं.

घाबरू नकोस. गुरुवारी मी हे बोलणार नाही. ते तुझं तू सांगायचं. मी त्या मुलीला घेऊन येणार. तुम्ही सगळे टेबलापलीकडे बसा, ती तुमची नोटीस मोठ्याने वाचेल. काल आपल्या घरी सराव झाला. ‘शिस्तभंग’ला अडखळली, ‘तात्काळ’ला पाणी प्यायली, पण सगळी वाचली, कुणाच्या तोंडाकडे न बघता. आईने टाळ्या वाजवल्या. आपल्याच लेकीला काढून टाकायची नोटीस आहे, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मग तुझा जो उद्धार झाला तो लिहीत नाही.

शेवटी तुझ्या सहीपाशी पोरगी थांबली. ‘बाई, हे काय लिहिलंय?’ मलाही लागेना. पाटीवर तुझा हात धरून मी जे अक्षर गिरवून घेतलं होतं, ते असं नव्हतं. यापुढे सही नीट करत जा. पोरगी आता वाचते.

तुझी ताई,
आणि तुझ्या पहिलीची बाई