अंगद पडला अन् माझा हात सुटला

चिरंजीव बद्रीनाथ यास पिंपळगाव रेणुकाईहून सोनूबाईचा आशीर्वाद.

मी तुझी मोठी बहीण. ओळख दिलेली बरी, कारण भाऊबीजेला आल्तास तेव्हा चष्मा इथंच विसरून गेलास, अन् अजून तुला तो आठवला न्हाई. म्हणजे हे पत्र तू दुसऱ्याकडून वाचून घेणार. मी दुसऱ्याकडून लिहून घेऊन राह्यले (शेजारच्या सबिहाची अर्शिया लिहिते, अक्षर चांगलं आहे असं तीच म्हणते, मला काय कळतं), तेव्हा तू शिकलेला अन् मी अडाणी, दोघं बराबर झालो. तुझी कंबर कशी आहे? माझी तब्येत ठीक, पण तोंड दाखवायची सोय राह्यली न्हाई.

तू आपल्या मोहिनीला, माझ्या थोरल्याच्या पोरीला, वडीगोद्रीचं स्थळ सुचवलंस. पोरगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, बाप साहेबराव गरीब स्वभावाचा. परवा ते पोरगी बघायला आले. पण आधी अंगदचं ऐक (माझ्या धाकट्याचं पोर, आत्ता कुठं बोलायला लागलंय). पोर पडून रडलं की आपण जमिनीला मारतो, तशी मीही मारायची, अन् मंग त्याच्या तोंडात गुळाचा खडा. पोराच्या ध्यानात आलं, पडलं की गूळ मिळतो. मंग ते न अडखळताच पडायला लागलं. आधी इकडंतिकडं बघायचं, मी दिसले की पडायचं. (मी शेतात गेले की दिवसभर नीट उभं राहतं म्हणे.) सून म्हणाली, आत्याबाई, गूळ बंद करा. केला. तर ते इतकं जोरात पडलं की घाबरून मी दोन खडे दिले. तेव्हापासून ते जोरातच पडतं.

तर पाहुणे बसले, मोहिनी पोहे घेऊन आली, अन् अंगद साहेबरावांच्या पायाला अडखळून पडला. खरं का खोटं, त्यालाच ठाऊक. रडत रडत त्यानं पायाकडं बोट दाखवलं. पुढचं सांगताना अर्शियासमोरही माझी मान वर होत न्हाई. विचार करायला वेळच मिळाला न्हाई रे. माझा हात आपोआप गेला अन् साहेबरावांच्या नडगीवर फाटकन बसला. वरून तोंड म्हणालं, "हात मेल्या, माझ्या अंगदला पाडतोस?" दुसरा हात तर त्याहून निर्लज्ज, त्यानं कमरेच्या पिशवीतून गूळ काढून पोराला भरवलासुद्धा.

साहेबराव चहा न घेता उठले, कळवतो म्हणाले. मोहिनीला पोरगा पसंत होता. ती माझ्याशी बोलत न्हाई, ताट मात्र वेळेवर वाढते, त्याचीच जास्ती लाज वाटते. मी पोराला वळण लावून राह्यले असं समजत होते. मला तर त्यानं गूळही न देता शिकवलं.

ता. क. साहेबरावांकडं जा अन् सांग, आमच्या बहिणीला दिसत न्हाई. दिसतं बराबर, पण तू सांग. न पटलं तर म्हातारीचं डोकं फिरलंय म्हण, माझी हरकत न्हाई. पोरीचं जमू दे.

आणखी एक. रिकाम्या हातानं जाऊ नको. बायकोला रव्याचे लाडू करायला सांग, अन् आधी थोडेच ने. खाऊन साहेबराव नीट बोलले तर दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या पाठव. तोंड वाकडं केलं तर काहीच न्हाई. तूप मात्र होकार आल्यावरच पाठव.