खजुरी रंगाची नळी

२२ ऑगस्ट, शुक्रवार
बंदुकीच्या नळीसाठी भरीव सळईच घ्यायची. भोकच नाही, म्हणजे ती कधी उडणार नाही. सौदला हे दोनदा बजावलं. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो — हसला. "नंदकुमार, आम्हाला नाचायचंय, लढायचं नाही!"

ऑक्टोबरात त्याच्या मुलाचं लग्न. लग्नात अर्दा — ओळीने उभं राहून, तलवारी-बंदुका हातात घेऊन संथ नाच. सौदच्या वडिलांना, अबू सौदना, त्यांच्या वडिलांकडे होती तशी लांब बंदूक घेऊन एकदा त्या ओळीत उभं राहायचंय. मूळची नव्वदच्या आखाती युद्धात घरातून लुटली गेली. मी बाल्कनीतला हौशी सुतार. नवी बनवून द्यायला हो म्हणून बसलो!

सौदकडून त्यांचा एकच निरोप — नळी पिकलेल्या खजुरासारखी हवी.

३० ऑगस्ट
दस्त्यासाठी अक्रोडाचं नाव काढलं की दुकानदार हसतात. शेवटी वफ्राच्या एका शेतावर सिद्राचा वाळलेला ओंडका मिळाला. सिद्र म्हणजे आपली बोर! कापताना ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

५ सप्टेंबर
शुवैख. रंगाच्या दुकानात जवसाचं तेल मागितलं. "अलसी का तेल? भाईसाहब, लॅकर मारो, शीशे जैसा!" शीशा नकोय मला. कुरकुरत मागच्या फळीवरचा धुळकट डबा काढून दिला.

तेलाआधी लाकडाला रंग हवा. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून बोरीवर मारला. नुसता राखाडी! मग बीएस्सी आठवली — लोखंडाशी रंग धरणारा तुरटपणा या लाकडात कमी. अब्बासियात वाण्याकडे हिरड्याची पूड घेतली. "पोट बिघडलं का साहेब?" म्हणाला. आधी हिरड्याचं पाणी, वरून व्हिनेगर — डोळ्यांदेखत गडद तपकिरी. उर्वी ओरडली, "बाबा, दॅट्स मॅजिक!" तिला अर्धा तास समजावत बसलो.

१३ सप्टेंबर
नळी मिठाचं पाणी लावून बाथरूममध्ये टांगली. बाहेर पाऊल टाकलं की दमट हवेने चष्म्यावर वाफ. सगळे वैतागलेत, मी खूश. गंज चढू द्यायचा, उकळायचं, हलकं घासायचं, पुन्हा चढू द्यायचा.

प्राची — "अहो, आम्ही आंघोळ कुठे करायची?"

२४ सप्टेंबर
जमलं! अगदी पिकला खजूर. हात लावायलाही भीती वाटते.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी
ऑफिसातून आलो. देवापुढे शिवणयंत्र, विळी, माझा रंधा, पटाशी. आणि मधोमध नळी — लख्ख, चकचकीत, हळद-कुंकू लावलेली. चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीने घासलेली.

"गंजून गेली होती हो! गंजलेलं शस्त्र पूजतात का?"

ओरडलो. "शस्त्र नाहीच ते!"

"मग काय आहे? मला कधी सांगितलंत?"

गंज हाच रंग आहे, हे तिला एकदाही बोललो नव्हतो. बाथरूम मात्र अडवून ठेवलं. ती रडली. मी माफी मागितली, पण जेवण झाल्यावर. आधी का नाही?

४ ऑक्टोबर
हवा कोरडी पडली. पुन्हा गंज चढवायला नळी गरम पाण्याच्या बादलीवर धरून पाहिली — पट्टे पट्टे उठले, कोड फुटल्यासारखे. लग्न गुरुवारी. एवढ्यात रंग धरणं शक्य नाही.

"द्या इकडे. घासायचं तरी येतं मला," प्राची म्हणाली. पुन्हा लख्ख केली.

७ ऑक्टोबर
'मुद्दामच चकचकीत ठेवली' — दिवसभर हे वाक्य घोळवत होतो. छान जमलंही होतं. म्हाताऱ्या माणसाला फसवायला एवढी तयारी! नको. खरं तेच सांगायचं.

८ ऑक्टोबर
प्राचीला घेऊन सौदच्या घरी गेलो. अबू सौद तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला असत, हिंदी उत्तम. सगळं सांगितलं, कुंकवासकट. मी बंदूक पुढे केली. नळीवर दिव्याचा उजेड पडला आणि त्यांची मान वळली.

"फिर हिलाओ."

हलवली. डोळे नळीच्या मागे मागे.

"दिख रही है!"

सौद दारात खिळलेला. मग हळूच मला म्हणाला — वर्षभरापासून बाबांना फक्त उजेड कळतो. बाहेर कुणाला सांगू देत नाहीत.

९ ऑक्टोबर
सकाळीच त्यांचा फोन. माझ्यासाठी नाही, प्राचीसाठी. "बेटी, शाम से पहले एक बार और घिस दो."