झेंडू क्लब

मखमलाबाद, नाशिक
१२ डिसेंबर २०२५

सौ. प्रतिभाताईंना छायावहिनीचा नमस्कार.

त्या दिवशीही क्लबात मी आधी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या. मग ग्लास गोळा केले. सोफ्याच्या फटीत दोन कानातले सापडले, ते काउंटरवरच्या डबीत टाकले आणि लाकडी फरशी पुसत पुसत जिन्यापर्यंत आले. सकाळचे साडेनऊ झाले असतील. पहाटे फुलं तोडून बाजारात घालून आलो होतो, म्हणून हाताला झेंडूचा वास होता.

तुम्ही सगळे बरे असाल. इकडे थंडी चांगली पडली आहे. माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक. पण पत्र गुडघ्यासाठी लिहीत नाही. ज्या क्लबवरून तुम्ही बारा वर्षं माझ्याशी बोलला नाहीत, त्याची हकीकत लिहिते आहे.

माझं एवढं लांब लिहिणं तुम्हाला नवं वाटेल. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं फुलांच्या पुड्या बांधायच्या रद्दीतून वाचत शिकले. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी वाचत बसायची. तुमचे दादा म्हणायचे, "अगं, पुडी बांध, बातमी तशीही शिळीच आहे."

क्लबचं नाव झुंबर. इथल्या द्वारका चौकाजवळ एका इमारतीच्या तळघरात २००८ साली तो निघाला. आत झुंबर नव्हतंच. छताला आरशांच्या तुकड्यांचा एक गोळा होता, हंड्याएवढा. दादा तिथे दिवसा वायरमनचं काम करायचे आणि मी साफसफाई. बारा वर्षं काम केलं, पण रात्रीचा क्लब आम्ही दोघांनी एकदाही पाहिला नाही. आमच्यासाठी तो सकाळचाच होता. वर रिक्षांचे भोंगे आणि खाली थंडगार, रिकामं.

वर लिहिला तो दिवस २०१३ च्या दसऱ्याचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आपण माळ घालतो. विहिरीवरच्या मोटरला घातली, मोटारसायकलला घातली, मग क्लबनेच काय पाप केलं होतं? गाणी लावायच्या मशीनला घातली, बिलाच्या कॉम्प्युटरला घातली, माझ्या बादलीलाही घातली. शेवटी मी शिडी धरली आणि दादांनी त्या गोळ्याला चांगली जाडजूड माळ बांधली. गोळा फिरल्यावर ती टिकते का बघायला त्यांनी बटण दाबलं. लाईट लागले, गाणं सुरू झालं.

आणि प्रतिभाताई, तुमचे दादा नाचले.

वाफ्यात पाणी धरताना चिखलातून पाय उचलतात ना, तसे नाचले, पण अगदी तालात. मला म्हणाले, "तू काय बघत उभी? ये." मी फडकं बादलीत टाकलं आणि गेले. एवढी हसले की पदर खोचून घ्यावा लागला.

तुमचे दीर भिकनभाऊ त्या दिवशी दसऱ्याची फुलं न्यायला मनमाडहून आले होते. ते आम्हाला शोधत नेमके तेव्हाच जिना उतरले. दादा आवाज वाढवायला खांबामागे मशीनपाशी गेले होते. भिकनभाऊंना दिसले ते लाल-निळे लाईट आणि मध्ये मी एकटी. ते तसेच वर गेले. फुलंसुद्धा नेली नाहीत.

आठ दिवसांनी तुमचा फोन आला. "वहिनी, तुम्ही क्लबात नाचता म्हणे?"

मी दादांकडे बघितलं. सांगू नकोस, अशी त्यांनी मान हलवली. मी म्हणाले, "हो, नाचते."

तुम्ही फोन ठेवला.

का सांगू दिलं नाही, तेही लिहिते. तुमच्या वरातीत तुम्ही गाडीतून उतरून दादांचा हात धरला होतात, एक ठेका तरी धर म्हणून. पाय मुरगळलाय असं सांगून ते जनरेटरच्या गाडीपाशी उभे राहिले. पाय मुरगळला नव्हता. चार लोकांत नाचायची लाज वाटत होती. तुम्ही रडलात, ते त्यांना कायम लागून राहिलं. त्या फोननंतर मला म्हणाले, "प्रतिभा म्हणेल, माझ्या वरातीत मुरगळलेला पाय क्लबात बरा झाला होय? हर्षालीच्या लग्नात नाचेन, तेव्हा तिला दिसेलच. तोवर राहू दे." मला वाटलं, चार-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. तुमची लेक तेव्हा नववीत होती, हे लक्षातच आलं नाही.

गोळ्याची माळ काढायला मात्र आम्ही विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर फरशीभर झेंडूच्या पाकळ्या. आता नोकरी गेली म्हणून मी घाबरले. मालक आले आणि दर शनिवारच्या पाच माळा सांगून गेले. गोळा फिरला की पाकळ्या नाचणाऱ्यांच्या डोक्यावर पडायच्या म्हणे. पोरं झुंबरला झेंडू क्लबच म्हणायला लागली. तुमच्या माहेरच्या वाफ्यातल्या फुलांखाली हे शहर सहा-सात वर्षं नाचलं, ताई. आणि दर शनिवारी सकाळी माळ बांधून झाली की एक गाणं आमचं.

करोनात क्लब बंद झाला तो उघडलाच नाही. आता तिथे सोफासेटचं दुकान आहे. मालकांनी तो गोळा दादांना देऊन टाकला. दादांनी तो आंब्याच्या फांदीला टांगला. ऊन आलं की सगळ्या वाफ्यांवर ठिपके फिरतात आणि पोपट फिरकत नाहीत. असं बुजगावणं पंचक्रोशीत कुणाकडे नाही.

२०२२ च्या वैशाखात दादा गेले. तेराव्याला तुम्ही आलात आणि माझ्याकडे पाठ करून बसलात. तेव्हाच सांगावंसं वाटलं होतं. पण गेलेल्या माणसाचं गुपित फोडून आपण मोकळं व्हावं, हे बरं वाटलं नाही. अजून शनिवारी सकाळी शिडी धरायला माझा हात पुढे होतो.

परवाच्या मंगळवारी तुमचा आमच्या महेशला फोन आला. हर्षालीचं वीस फेब्रुवारीला ठरलं, तू आणि निकिता जोडीने या, म्हणालात. फोन ठेवल्यावर पोराने माझ्याकडे बघितलं नाही. मला राग आला नाही, खरंच. तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तुम्ही वागलात. पण हर्षालीच्या लग्नात नाचायचा शब्द दादांनी दिला होता आणि तो पाळायला आता मीच उरले आहे. बोलावलंत तर येईन आणि दादांच्या वाटचं नाचेन. गुडघ्याचं मी बघते. नाही बोलावलंत तर महेशबरोबर माळा येतील. त्या मात्र परत पाठवू नका.

तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीकडचे दोन वाफे मोकळे केले आणि झेंडूची रोपं लावली.

तुमच्या दादांच्या जोडीने नाचलेली,
छायावहिनी